सुनील गावसकर : बॅट आणि ध्वनिक्षेपक

यवतमाळच्या श्रोत्यांपुढे क्रिकेटवर बोलावयाचे म्हणजे खेळाच्या आधी रेडिओविषयी बोलणे प्राप्त आहे. आपल्या जिल्ह्यातील माणसाने कसोटी सामना डोळ्यांनी पाहिला तो फार उशिरा, आणि तोही थोड्यांनीच. कानांनी मात्र तो कितीतरी आधीपासून पाहिला. नागपूरला पहिला कसोटी सामना झाला तो १९६९ च्या ऑक्टोबर महिन्यात, न्यूझीलंडविरुद्ध, आणि तो आपण हरलो. येथून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. कापसाच्या हंगामात कामधाम टाकून पाच दिवस तेथे जाऊन बसणे हे काही सर्वांच्या खिशाला आणि सवडीला परवडणारे नव्हते. तेव्हा ज्याच्या घरी रेडिओ असे त्याच्या ओसरीवर अर्धी आळी जमे, आणि एखादा तरुण पाटीवर धावा लिहून ती रस्त्याकडे तोंड करून ठेवी. इंग्रजी न समजणारी माणसेही समालोचकाचा आवाज चढला की उठून उभी राहत. शब्द कळला नाही तरी आवाज कळत होता.

या आवाजाचा आपल्या देशातील इतिहास तसा जुना आहे. मुंबईच्या चौरंगी सामन्यांचे धावते वर्णन बॉबी तल्यारखान यांनी १९३४ च्या सुमारास सुरू केले. ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटे बोलत. ध्वनिक्षेपक दुसऱ्या कोणाबरोबर वाटून घेण्यास ते तयार नव्हते, आणि आकाशवाणीने तसा आग्रह धरला तेव्हा त्यांनी ते काम सोडून दिले. विविध भारतीवर दर रविवारी क्रिकेटविषयी बोलणारे विजय मर्चंट अनेकांच्या स्मरणात असतील. अवघे दहा कसोटी सामने त्यांच्या वाट्याला आले. १९५१ साली दिल्लीच्या अखेरच्या कसोटीत त्यांनी १५४ धावा काढल्या, खांद्याच्या दुखण्याने खेळ थांबला, आणि मग पुढच्या पिढीने त्यांना ओळखले ते आवाजावरून. मराठीपुरते बोलावयाचे तर पुण्याचे बाळ ज. पंडित यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेल्या या गृहस्थांनी आकाशवाणीवरून मराठीत समालोचन केले. आज ‘चेंडू तटवला’, ‘पायचीत’, ‘त्रिफळा उडाला’ हे शब्द आपल्या तोंडी सहज येतात, त्यामागे अशा मंडळींची मेहनत आहे.

मात्र खेळणे निराळे आणि खेळाविषयी बोलणे निराळे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला साधल्या, असे क्वचितच घडते. अमेरिकेतील बेसबॉलच्या इतिहासात याचे एक गमतीदार उदाहरण सापडते. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या खेळाडूस पिचर म्हणतात. डिझी डीन नावाच्या पिचरने १९३४ साली एका हंगामात तीस सामने जिंकून दिले. १९३७ साली पायाच्या बोटावर चेंडू बसला, चेंडू फेकण्याची ढब बदलली, त्याने हात कायमचा गेला. मग १९४१ पासून तो रेडिओवर समालोचन करू लागला. त्याचे व्याकरण असे काही खेडवळ की १९४६ साली मिसुरी राज्यातील इंग्रजीच्या शिक्षकांनी त्याविरुद्ध तक्रार केली. लोकांना मात्र तो प्रिय होता. १९४७ साली त्याने आपल्या गावच्या संघातील पिचरांची ध्वनिक्षेपकावरून इतकी टर उडविली की, अखेर संघाच्या मालकांनी त्यालाच मैदानात उतरविले. डीन उतरला, चार डाव चेंडू फेकले, प्रतिपक्षाला एकही धाव काढू दिली नाही, आणि पुन्हा आपल्या ध्वनिक्षेपकाकडे परतला.

समालोचकाला एवढी कडक परीक्षा सहसा द्यावी लागत नाही. परंतु ती ज्याच्याविषयी मनात घेता येते असा एक मराठी माणूस आहे, आणि आजचे आमचे बोलणे त्याच्याविषयी आहे.

सुनील मनोहर गावसकर यांचा जन्म १० जुलै १९४९ रोजी मुंबईस झाला. त्यांच्या जन्माची कथा त्यांनीच १९७६ साली ‘सनी डेज’ या आत्मचरित्रात सांगितली आहे. त्यांचे आप्त नारायण मासुरेकर बाळाला पाहावयास आले तेव्हा कानाजवळचे एक बारीक भोक त्यांच्या ध्यानात राहिले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो बाळाच्या कानापाशी भोक नाही! शोधाशोध झाली, आणि खरे बाळ एका कोळिणीच्या कुशीत झोपलेले सापडले. मासुरेकरांची नजर इतकी बारीक नसती तर भारतीय क्रिकेटचे काय झाले असते, असा विनोद त्यावर नेहमी केला जातो. आम्हांला त्यात विनोदापेक्षा दुसरेच काही दिसते. ज्या माणसाची सारी कारकीर्द चेंडूकडे बारीक पाहण्यावर उभी राहिली, त्याचे पहिले रक्षण दुसऱ्याच्या तशाच बारीक नजरेने केले.

आई मीनलताई घरातल्या घरात चेंडू टाकीत. एकदा लहानग्या सुनीलचा फटका त्यांच्या नाकावर बसून रक्त आले. नाक धुऊन त्या पुन्हा चेंडू टाकण्यास उभ्या राहिल्या. मामा माधव मंत्री हे कसोटी खेळलेले यष्टिरक्षक. भाच्याने त्यांच्या कपाटातील भारतीय संघाचा एक स्वेटर मागितला, तेव्हा मामांनी तो दिला नाही. असली वस्त्रे मिळवावी लागतात, मागून मिळत नाहीत, असे सांगितले. मामाने नाही म्हटलेले बहुतेक भाचे विसरत नाहीत; याने विसरला नाही तो योग्य अर्थाने. सेंट झेवियर्स शाळा, सेंट झेवियर्स महाविद्यालय, मग मुंबईचा रणजी संघ. आणि तेथे १९६८-६९ च्या हंगामात म्हैसूरविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात शून्य. मामा निवड समितीत, म्हणून भाच्याची वर्णी लागली अशी कुजबूज झाली. पुढच्या संधीस राजस्थानविरुद्ध शतक झाले आणि कुजबूज थांबली.

१९७१ साल उजाडले. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट, तेच रविवारच्या रेडिओवरचे. आपल्या निर्णायक मताने त्यांनी पतौडींच्या जागी अजित वाडेकरांना कर्णधार केले, आणि या नव्या कर्णधाराबरोबर एकवीस वर्षांचा गावसकर वेस्ट इंडीजला गेला. बोटाच्या दुखण्यामुळे पहिली कसोटी हुकली. पोर्ट ऑफ स्पेनच्या दुसऱ्या कसोटीत, ६ मार्चपासून, तो प्रथम खेळला. पहिल्या डावात गॅरी सोबर्ससारख्याच्या हातून त्याचा झेल सुटला. दैवाचा हा वाटा गावसकरांनी स्वतः कधी लपविला नाही. त्या सामन्यात ६५ आणि नाबाद ६७. पुढे ११६ व नाबाद ६४, मग १ व नाबाद ११७, आणि शेवटच्या कसोटीत दाढ ठणकत असताना १२४ व २२०. चार सामन्यांत ७७४ धावा. वेस्ट इंडीजच्या भूमीवर आपण प्रथमच मालिका जिंकली.

त्रिनिदादला खेळ सुरू होई तेव्हा आपल्याकडे दिवेलागण झालेली असे, आणि तेथला दिवस संपेपर्यंत येथे मध्यरात्र उलटून जाई. सकाळच्या वर्तमानपत्रात धावसंख्या अर्धवट असावयाची. पुरती कळेपर्यंत आणखी एक दिवस जाई. हे नाव आपल्या गावात असे हप्त्याहप्त्याने आले. तिकडे त्रिनिदादच्या लोकांनी मात्र वाट पाहिली नाही. लॉर्ड रिलेटर नावाच्या तेथील गायकाने या परक्या पोरावर कॅलिप्सो गीत रचले. ज्यांच्या गोलंदाजांना त्याने रडविले, त्यांनीच त्याला गाण्यात बसविले!

पुढील सोळा वर्षांची जंत्री येथे देण्याचे प्रयोजन नाही. १२५ कसोटी, १०,१२२ धावा, ३४ शतके हे आकडे सर्वांना ठाऊक आहेत. दहा हजार धावांचा डोंगर प्रथम चढणारा माणूस तोच, आणि ती घटना ७ मार्च १९८७ ची, अहमदाबादची. या धावांतील पुष्कळशा त्या काळच्या वेस्ट इंडीजच्या तोफखान्यासमोर, शिरस्त्राण न घालता काढलेल्या आहेत, एवढे मात्र सांगितले पाहिजे. १९७६ साली पोर्ट ऑफ स्पेनला ४०३ धावांचे आव्हान आपण पार केले, त्यात त्यांच्या १०२. १९७९ साली ओव्हलला ४३८ च्या आव्हानापुढे त्यांच्या २२१. भारत ८ बाद ४२९ वर थांबला आणि सामना अनिर्णीत राहिला. अवघ्या नऊ धावांची ती चुटपुट आजही जुन्या माणसांच्या बोलण्यात येते.

आम्हांला अधिक बोलावयाचे आहे ते त्यांच्या चुकांविषयी. त्याचे कारण पुढे ध्यानात येईल.

७ जून १९७५. पहिल्या विश्वचषकाचा पहिला दिवस, लॉर्ड्सचे मैदान. इंग्लंडने साठ षटकांत ४ बाद ३३४ केल्या. उत्तरादाखल गावसकर पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत खेळपट्टीवर उभे राहिले आणि १७४ चेंडूंत नाबाद ३६ धावा काढून परतले. भारताच्या ३ बाद १३२. प्रेक्षक मैदानात घुसून विनवण्या करू लागले. त्या खेळीचे समर्थन करता येत नाही आणि गावसकरांनीही पुढे ते केले नाही. त्या दिवशी आपले डोके चालेनासे झाले होते, बाद व्हावयाचे म्हटले तरी होता येईना, असेच त्यांनी सांगितले आहे.

दुसरी चूक १९८१ च्या फेब्रुवारीतील, मेलबर्नची. डेनिस लिलीच्या चेंडूवर पंचांनी त्यांना ७० वर पायचीत दिले. चेंडू बॅटीला लागला होता अशी त्यांची खात्री. जाता जाता ऑस्ट्रेलियन खेळाडूंकडून अपशब्द कानावर आले, आणि कर्णधार असलेला हा माणूस मागे फिरून साथीदार चेतन चौहान यास ओढीत मैदानाबाहेर घेऊन निघाला. सीमारेषेवर संघाच्या व्यवस्थापकांनी चौहानला परत पाठविले म्हणून सामना वाचला. तो सामना आपण ५९ धावांनी जिंकला, ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव ८३ त आटोपला. व्यवस्थापक त्या रेषेवर नसते तर जिंकलेला सामना कागदावर हरलेला असता. आपल्या त्या वर्तनाचा पश्चात्ताप झाल्याचे गावसकरांनी अनेकदा बोलून दाखविले आहे.

या दोन गोष्टी आम्ही मुद्दाम काढल्या. ध्वनिक्षेपकापुढे बसून दुसऱ्याची चूक सांगणे फार सोपे असते. खोलीत पंखा किंवा थंड हवा, समोर पडदा, पडद्यावर तोच चेंडू पुन्हापुन्हा. ज्याने आपल्या चुकीचे वर्णन स्वतःच्या तोंडाने केले आहे, त्याच्या तोंडून दुसऱ्याची चूक ऐकताना आपल्याला राग येत नाही. पुढील चाळीस वर्षे गावसकरांचा आवाज लोकांनी मानला, त्याचे मूळ ७७४ धावांत जेवढे आहे तेवढेच त्या नाबाद ३६ मध्येही आहे, असे आमचे मत आहे.

आता नागपूर. आपल्या विदर्भाचा या कथेशी जो संबंध आहे तो हाच. १९८७ च्या मार्चमध्ये बंगलोरला, चेंडू हातभर वळत होता अशा खेळपट्टीवर, पाकिस्तानविरुद्ध ९६ धावा काढून त्यांनी कसोटीचा निरोप घेतला होता. ऑगस्टमध्ये लॉर्ड्सच्या द्विशताब्दी सामन्यात १८८ केल्या होत्या. राहिला होता विश्वचषक. एवढ्या वर्षांत एकदिवसीय सामन्यात या माणसाचे एकही शतक नव्हते. २७ ऑक्टोबर रोजी मुंबईस विजय मर्चंट वारले. चौथ्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला, शनिवारी, नागपूरच्या मैदानावर न्यूझीलंडशी सामना होता. दिवाळी आटोपली होती, वेचणीचे दिवस होते. आम्ही तो सामना दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिला. घरातील खोली पुरली नाही म्हणून संच अंगणात आणला होता.

चेतन शर्माने रुदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफील्ड या तिघांचे ओळीने त्रिफळे उडविले. विश्वचषकाच्या इतिहासातील ती पहिली हॅट्‌ट्रिक. न्यूझीलंड ९ बाद २२१. नुसते जिंकून भागणार नव्हते. गटात ऑस्ट्रेलियाच्या वर राहावयाचे तर सुमारे बेचाळीस षटकांत या धावा काढावयास हव्या होत्या, तरच उपान्त्य सामना लाहोरऐवजी मुंबईस मिळणार होता. गावसकरांच्या अंगात ताप होता. श्रीकांतबरोबर ते उतरले आणि एरवी ज्याने एकेक धाव मोजून घ्यावी असा हा माणूस पुढे सरसावून चेंडू प्रेक्षकांत टाकू लागला. ८८ चेंडूंत नाबाद १०३, त्यात दहा चौकार आणि तीन षटकार. बत्तीस षटके आणि एका चेंडूत खेळ खलास. लॉर्ड्सच्या त्या ३६ धावांचे कर्ज बारा वर्षांनी आपल्या नागपुरात, व्याजासह, फिटले.

मग मुंबई. ज्या सामन्यासाठी एवढी धावपळ केली, त्या ५ नोव्हेंबरच्या उपान्त्य सामन्यात इंग्लंडच्या डिफ्रेटसने गावसकरांचा ४ धावांवर त्रिफळा उडविला. भारत हरला. त्यानंतर ते भारताकडून खेळले नाहीत.

बॅट ठेवली तीच ध्वनिक्षेपक उचलण्यासाठी. तयारी आधीपासूनच होती. पुस्तके लिहून झाली होती, ‘सावली प्रेमाची’ या मराठी चित्रपटात काम झाले होते, एक मराठी गाणेही ध्वनिमुद्रित झाले होते. (ते गाणे ऐकून त्यांनी क्रिकेटच निवडले हे बरे झाले, असे आम्हांस वाटते.) दूरदर्शनवर ‘सुनील गावसकर प्रेझेंट्स’ ही मालिका आली, आणि त्यानंतर देशोदेशींच्या वाहिन्यांवरून त्यांचे समालोचन सुरू झाले ते आजतागायत.

रेडिओवरचा समालोचक आणि दूरचित्रवाणीवरचा समालोचक यांत मोठा भेद आहे. रेडिओवाल्याला मैदान उभे करावे लागते; तो गप्प बसला तर सामना थांबल्यासारखा होतो. पडद्यावर सर्व दिसतच असते, तेव्हा तेथे बोलणाऱ्याची परीक्षा कोठे गप्प बसावे ही असते. ऑफ यष्टीबाहेरचा चेंडू सोडून देण्यात गावसकरांचा हात धरणारा त्या काळी जगात कोणी नव्हता. ही सवय येथे कामास आली. चेंडू का वळला, फलंदाजाचे डोके का हलले, पाऊल का अडखळले, एवढेच सांगावे आणि पुन्हा थांबावे. वय वाढले तसे थांबणे थोडे कमी झाले, विनोद थोडे वाढले, हेही खरे. आमची एक खंत मात्र सांगून टाकतो. हा आवाज आम्ही ऐकला तो बहुतांशी इंग्रजीत, काही अंशी हिंदीत. बाळ पंडितांनी नांगरलेल्या रानात गावसकरांनी पेरणी केली असती तर पीक काही वेगळेच आले असते. अलीकडे दूरचित्रवाणीवर मराठी समालोचन होऊ लागले आहे, पण ते दुसऱ्या पिढीचे काम.

आवाज मोठा झाला की त्याला मालक भेटतात. १९९३ साली सामने दाखविण्याच्या हक्कावरून तंटा झाला, आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. लहरी सर्वांच्या झाल्या, परंतु सामने क्रिकेट नियामक मंडळाचेच राहिले, आणि त्या सामन्यांत कोण बोलणार यावरही मंडळाची छाया पडू लागली. काही वर्षे मंडळाने स्वतःच समालोचकांशी करार केले, त्यांत गावसकर होते, आणि त्यावर टीका झाली. ती टीका अगदीच अस्थानी होती असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या निर्णयावर बोलावयाचे त्याच्याकडूनच मानधन घ्यावयाचे, ही अडचण कोणत्याही प्रामाणिक माणसाला व्हावी अशीच आहे. हैदराबादेत वाढलेले हर्षा भोगले २०१६ साली आय.पी.एल.च्या समालोचकांतून एकाएकी वगळले गेले. विजय मांजरेकरांचे चिरंजीव संजय मांजरेकर, स्वतः ३७ कसोटी खेळलेले, यांचे नाव २०२० साली मंडळाच्या यादीतून गेले. दोघेही मराठी घरांतले, दोघेही मोकळे बोलणारे, आणि दोघेही कालांतराने परतले.

परंतु न्याय करावयाचा तर दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २००८ साली आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या क्रिकेट समितीचे अध्यक्षपद गावसकरांकडे होते. त्यांचे लेख आणि समालोचन पदाशी विसंगत आहे, दोहोंपैकी एक निवडा, असे परिषदेने त्यांना सांगितले. गावसकरांनी पद सोडले. आपल्याकडे खुर्चीसाठी लेखणी खाली ठेवणारे पुष्कळ आढळतात. उलट दिशेने जाणारे थोडेच.

या निवडीची किंमत किती, हे उतारवयात त्यांना पुन्हा दिसले. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्या कसोटी मालिकेच्या करंडकाला १९९६ पासून बॉर्डर आणि गावसकर या दोघांची नावे आहेत. २०२५ च्या जानेवारीत सिडनीला ऑस्ट्रेलियाने तो जिंकला, तेव्हा व्यासपीठावर करंडक देण्यास एकट्या ॲलन बॉर्डरना बोलाविण्यात आले. गावसकर तेथेच मैदानावर होते, समालोचनाच्या कामावर. आपल्या मित्राबरोबर तो देण्यास आपल्याला आनंद झाला असता, एवढेच ते म्हणाले.

त्याच मालिकेत, २०२४ च्या डिसेंबरात, मेलबर्नला ऋषभ पंत एक वेडावाकडा फटका मारून २८ धावांवर बाद झाला, तेव्हा गावसकरांनी ध्वनिक्षेपकावरून ‘मूर्खपणा’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द लागोपाठ तीनदा उच्चारला. देशभर गदारोळ झाला. पंचाहत्तरीतील माणसाने एवढे संतापावे काय, असे तरुण म्हणाले. बोलणारा तोच माणूस होता, ज्याला ५० वर्षांपूर्वी लॉर्ड्सवर प्रेक्षकांनी याच्या अगदी उलट कारणासाठी शिव्या घातल्या होत्या.

सहा महिन्यांनी, २०२५ च्या जूनमध्ये, इंग्लंडमधील लीड्सच्या मैदानावर पंतने पहिल्या डावात शतक केले आणि कोलांटउडी मारली. गावसकरांनी पुन्हा एकच शब्द तीनदा उच्चारला, या खेपेस प्रशंसेचा. दुसऱ्या डावात पंतने पुन्हा शतक ठोकले. तेव्हा गावसकर उभे राहून दुरूनच हाताच्या खुणेने त्याला आणखी एक कोलांटउडी मारण्यास सांगू लागले. पंतने खाली मैदानातून हसत हातानेच उत्तर दिले : आता नाही, नंतर.